तपासणीच्या आदल्या दिवसाची पेज

बाबांवर मी आयुष्यात एकदाच ओरडले. तेही चार परक्या लोकांदेखत, गोव्यातल्या एका इस्पितळाच्या व्हरांड्यात. तशी मी तापट. तडतडायला मला निमित्त लागत नाही, असं नवरा म्हणतो आणि ते खरंच आहे. पण बाबांसमोर माझा आवाज कधी चढला नव्हता. तो नेमका त्या दिवशी चढला.

त्यांना शौचातून रक्त पडत होतं. हे आम्हाला कळलं तीन महिन्यांनी, तेही आईकडून. डॉक्टर म्हणाले, दुर्बीण घालून मोठं आतडं तपासू. पण आतडं धुतल्यासारखं स्वच्छ हवं, नाहीतर काही दिसत नाही. खिडकीतून औषधाच्या पुड्या मिळाल्या आणि एक छापील कागद. मी कणकवलीच्या सरकारी कचेरीत कारकून, कागद वाचणं हाच माझा उद्योग. म्हणून तो मी उभ्या उभ्या वाचला. आदल्या दिवशी जेवण बंद, फक्त पातळ आणि पारदर्शक पदार्थ, संध्याकाळपासून पुड्या पाण्यात कालवून दोन लिटर पाणी संपवायचं. 'पातळ' मी नीट वाचलं. पुढच्या शब्दावरून नजर घसरली. लोकांचे अर्ज मी एका काना-मात्रेसाठी परत पाठवते, आणि बापाचा कागद असा वाचला.

आदल्या दिवशी मी रजा काढून धामापूरला आईबाबांकडे गेले. आईने विचारलं, "मगे दिसभर खावक काय देव त्यांका?"

"पेज दी. पातळ चलता असा लिवलेला आसा."

आमच्याकडे पेज हे जेवण नव्हे. सकाळी दहाच्या सुमाराला "पेज झाली?" असं विचारतात आणि दुपारी "जेवलास?" असं विचारतात. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी असतात. तापकऱ्याला पेज, बाळंतिणीला पेज, शेतातून आलेल्याला पेज. आणि ती पिऊनही माणूस उपाशीच धरला जातो. आईने उकड्या तांदळाची पेज केली, तोंडी लावायला खोबऱ्याची कातळी आणि लोणच्याची फोड दिली. त्या दिवशी तीन वेळा मी स्वतःच्या हाताने त्यांना वाढलं. तिसऱ्या वेळी ते नको म्हणत होते. औषध उपाशी पोटी लागेल म्हणून मीच आग्रह केला.

संध्याकाळी औषध सुरू झालं. आमचा संडास मागच्या परड्यात, केळींच्या पलीकडे. दोन-तीन खेपा झाल्यावर बाबा कंटाळले आणि औषधाचा तांब्या घेऊन तिथल्या पायरीवरच जाऊन बसले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. बाबांनी उभा जन्म एसटी चालवली. मधेच गाडी थांबवावी लागू नये म्हणून ड्युटीवर पाण्याचा घोट न घेणारा हा माणूस. निवृत्त झाल्यावरही पाणी प्या म्हणून मागे लागावं लागे. तांब्या रिकामा घेऊन ते घरात आले तेव्हा केळींच्या बुंध्याशी ओल होती. मी मनात म्हटलं, बरोबर, ओतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाहेर आले ते कपाळाला आठी घालूनच. आतडं साफ नाही, आत अन्न आहे, तपासणी अर्धवट सोडावी लागली, असं म्हणाले. "काल काय जेवले होते?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"काय्येक नाय," गुंगीतून उठलेल्या बाबांनीही सांगितलं. आम्ही दोघंही खरं बोलत होतो.

"मग औषध पूर्ण घेतलेलं नसणार. पुन्हा नीट तयारी करून या."

डॉक्टर गेले आणि मी बाबांकडे वळले. घरी मी त्यांच्याशी मालवणीतच बोलायची. त्या दिवशी माझ्या तोंडून कचेरीतली मराठी बाहेर पडली. "केळीत ओतलंत ना ते? मी बघितलंय. लहान मूल आहात का तुम्ही?"

इस्पितळाचा निळा झगा पाठीवर एका हाताने धरून ते उभे होते. "मी सगळा पियालंय गो बाय. तांब्यो फक्त थंय विसळलंय. तुका खोटा कित्याक सांगू?"

"खोटं बोलू नका."

बाकावरची माणसं बघत होती. परतीच्या वाटेवर बांदा गेलं, सावंतवाडी गेली, कुडाळ गेलं, बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

पुन्हा जायची तारीख आली तेव्हा काजू गोळा करायचे होते. मग पाऊस आला. मग म्हणाले, "माका बरा आसा आता." मी एकदा रागावून, दोनदा गोडीने सांगितलं. आईकडे मात्र ते म्हणाले होते की परत काय गडबड झाली तर चेडवाक, म्हणजे मला, चार माणसांत लाज वाटतली. चतुर्थीच्या आधी पोट फुगलं आणि दिवाळीला ते नव्हते. आजार यकृतापर्यंत गेला होता. पहिल्यांदाच दिसलं असतं तर ते वाचले असते, असं मला कुणी म्हणालं नाही. नसतेच वाचले, असंही कुणी म्हणालं नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी मलाच सांगितलं की वडिलांना हा आजार होता, तुम्हीही तपासून घ्या. कणकवलीतल्या छोट्या दवाखान्यातल्या सिस्टरने मला समोर बसवलं. मुलगी दोडामार्गकडची, वय पंचवीसही नसेल. कागद तिने बाजूला ठेवला आणि पाण्याचा काचेचा पेला पुढ्यात घेतला.

"ताई, ज्याच्यातसून पेल्याचो तळ दिसता, ताच पियाचा. नारळपाणी, गाळलेला लिंबूपाणी चलात. सोलकढी नको. आणि पेज अजिबात नाय हां. पेजेत शितां असतत. आमची माणसा दिसभर पेज पितत, वयर खोबऱ्याची कातळी खातत, आणि हय येवन सांगतत काय्येक खावक नाय म्हणान."

मी ढसाढसा रडले. तिला वाटलं मी घाबरले. "दुखाचा नाय वो ताई," म्हणत ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दोन लिटर मी प्यायले. खारट, बुळबुळीत, चौथ्या पेल्याला ओकारी यावी असं ते पाणी. मी पन्नाशीच्या आतली, घरात पंख्याखाली बसून, नवरा हातात पेला देतोय, तरी दोनदा रडकुंडीला आले. बाबांनी ते सत्तरीत, परड्यातल्या पायरीवर एकट्याने संपवलं होतं. शेवटचा घोटसुद्धा. आणि मी त्यांना खोटारडं ठरवलं. माझं आतडं अगदी स्वच्छ निघालं आणि आत काही नव्हतं. सिस्टर म्हणाली, किती छान तयारी केलीत. मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी धामापूरला गेले. आईने पेज ठेवलीच होती. वाढता वाढता तिने विचारलं, "तुका जमला मा सगळा पिवक? ह्येंका जमाक नाय. ओतून टाकल्यानी. माझो अजून राग जाणा नाय त्येंच्यावरचो."

दोन वर्षं ती हे धरून बसली होती. तिला हे मीच सांगितलं होतं, गोव्याहून आल्या आल्या, पायावर पाणी घ्यायच्या आत.

"नाय गो आई," मी म्हटलं. "त्येंनी सगळा पियालेला."

"मगे साफ कशाक झाला नाय?"

तिच्या हातात पळी होती, आणि पळीत पेज. त्या पेजेचं नाव घेणं मला जमलं नाही. "कागद मी वाचूक चुकलंय," एवढंच म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

आई पळी ठेवून बाहेरच्या खोलीत गेली, भिंतीवरच्या बाबांच्या फोटोसमोर. तिचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

"आयकलांत? चेडू सांगता, तुमी सगळा पियालेल्यात."