सरड्याचा नमस्कार

आमच्या कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये पाहुणा आला की आधी पाणी, मग चहा आणि मग सरडा, असा क्रम ठरलेला होता. सरडा माझा. ऑफिसातली मैत्रीण बदली होऊन बेंगळुरूला गेली, ती जाताना काचेच्या पेटीसकट आणि उबेच्या दिव्यासकट त्याला माझ्या गळ्यात मारून गेली. बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला ऑस्ट्रेलियन सरडा, चांगला हातभर लांब. आई त्याला पालच म्हणायची आणि पेटीला हात लागला तरी साबणाने हात धुवायची. मी कोपरखैरण्याचं सासर सोडून माहेरी आले त्याच सुमारास तोही आला, त्यामुळे शेजारणी आमची चौकशी एकत्रच उरकायच्या. "आहे का अजून?" एवढंच विचारायच्या.

सासर का सोडलं ते मी घरी नीट सांगितलं नव्हतं. नवरा मारतो, एवढे दोन शब्द आईबाबांसमोर तोंडातून निघेनात. 'पटत नाही' म्हणून मोकळी झाले होते. आणि न पटण्यावर आमच्या घरात एकच औषध, मुलीला परत नेऊन सोडणं. बाबा रोज सकाळी पेपर उघडता उघडता म्हणायचे, "मग कधी निघायचं?"

बाबा रिटायर झालेले, सगळा उत्साह सरड्यावर. हॉलची लाइट बंद करून पेटीतला दिवा चालू ठेवला की काचेत त्याला स्वतःचंच रूप दिसतं, हा शोध त्यांचा. ते ठळक दिसावं म्हणून त्यांनी मागच्या काचेला बाहेरून काळा कार्डपेपर चिकटवला. समोर दुसरा सरडा बघून आमच्याची दाढी फुगायची, काळी पडायची. मान वरखाली करत तो काचेला धडका द्यायचा, तोंड सोलवटून घ्यायचा. समोरचा काही हटायचा नाही. हटून जाणार कुठे? शेवटी हा दमायचा, अंग खाली चिकटवायचा आणि पुढचा एक पाय उचलून हवेत हळूहळू फिरवायचा.

"बघा, नमस्कार करतोय!" बाबा ओरडायचे. पाहुणे मोबाइल काढायचे. वरच्या मजल्यावरच्या काकू एकदा म्हणाल्या, "एका हाताने का होईना, पण संस्कार आहेत हो." मी कागद फाडायचे, बाबा नवा लावायचे. वर मलाच म्हणायचे, "तुला मेलीला कशातच मजा येत नाही." मला इतका राग यायचा की वाटायचं, पेटी गॅलरीतून खाली फेकावी आणि मागोमाग बाबांना.

एका रविवारी सासूबाई नवऱ्याला घेऊन आल्या. समेटाची बैठक म्हणे. सासूबाईंनी आल्या आल्या पाय पुढे केले आणि मी पडलेही पाया. सवय. मग बोलणं मानपानावर येऊन अडलं. वातावरण हलकं करायला बाबांनी उठून लाइट बंद केली.

सरडा फुगला, काळा पडला, धडकला आणि दमून हात फिरवायला लागला. सासूबाई खूश. "आमच्या सुनेपेक्षा यालाच जास्त कळतंय की!" नवरा हसला. बाबाही हसले. नवऱ्याचं मला काही वाटलं नाही, पण बाबांच्या हसण्याने माझं डोकं फिरलं.

"नमस्कार नाहीये तो," मी म्हणाले. "समोरचा मारेल म्हणून करतो. मी हरलो, मला मारू नका, असं सांगतोय. कोपरखैरण्याला मीपण हेच सांगायचे, हा अंगावर यायचा तेव्हा."

मी लाइट लावली. नवरा मोबाइलमध्ये बघत होता. सासूबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "मग? सांगितलंस की थांबायचाच ना तो?"

ती दोघं निघाली तेव्हा "विचार करून कळवा" हे बाबांना सांगून गेली, मला नाही. आई कपबश्या गोळा करून किचनमध्ये गेली ती बाहेर आलीच नाही. बाबा पेटीचा काळा कागद सोलत बसले. मला वाटलं, लाज वाटली असेल.

"माहीत होतं मला," ते म्हणाले. "मोबाइलवर व्हिडिओ बघितला होता. घाबरला की हात हलवतो म्हणून."

"मग रोज का करायला लावायचात?"

"लोकांना आवडायचं गं. त्याला कुठे काय होत होतं."

"आणि माझं? ते आज कळलं का?"

बाबा काचेवर राहिलेला गोंद नखाने खरवडत राहिले. "दिवाळसणाला आली होतीस ना, तेव्हाच. उटणं लावताना तुझ्या आईने पाठ पाहिली. म्हटलं, सणासुदीचं कुठे विषय काढायचा."