वाटणारा एकच

आमचा नेटवाला जरीपटक्याहून येतो. टेस्टर कानामागे खोचलेला, आणि काम होईस्तोवर चहा नाही की पाणी नाही. आग्रह केला तर मान वर न करता म्हणतो, "थांबा ना जी."

त्या दिवशी घरभर नेट बंद पडलं. वर दादाचा राउटर, खाली माझा. आमच्यात अबोला, पण केबल एकच. आणि तासाभरात पुतणीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत.

तो मांडीवर लॅपटॉप घेऊन जिन्यातच बसला. "दोन्ही राउटर आपापल्या मनानं मोबाईलले नेटवरचे पत्ते वाटून राहिले. मंग गोंधळ होईनच. वाटणारा एकच पाहिजे. कोणाचं वाटणं बंद करू?"

दादा वरच्या पायरीवर, मी खालच्या. दोघांचीही नजर लॅपटॉपवर. मध्ये पुतणी रडवेली उभी.

त्यानं आम्हा दोघांकडे एकेकदा पाहिलं आणि पुन्हा न विचारता बटणं दाबली. नेट आलं. पोरगी वर पळाली.

मग त्यानं वर चहा घेतला, खालीही घेतला. निघताना फाटकाशी गाठून मी हळूच विचारलं, "माझाच चालू ठेवला ना?"

त्यानं गाडीला किक मारली.

"तुमच्या दादानंही हेच इचारलं जी. त्यायलेही नाही सांगितलं."