तारेवरचं लुगडं

काल सकाळी आमच्या वाशिमच्या घरी डेस्कटॉपने संप केला. बटण दाबलं की दिवा लागे, पंखा घरघरे, पण स्क्रीन काळा ठिक्कर... मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन पेटी उघडायलाच निघाला होता.

मी म्हटलं, आधी ते हत्यार खाली ठेव. दिवा लागतोय, पंखा फिरतोय, म्हणजे पेटीत जीव आहे. पेटीतून स्क्रीनकडे काय जातं ते बघ. सुनेने परवा टेबल सरकवून झाडलं होतं... मागची केबल अर्धी सुटून लोंबत होती. ती खोचली आणि स्क्रीन उजळला.

"आई, हे तुला कुणी शिकवलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, सखूमायच्या लुगड्याने. घरात कुणालाच कळलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

सत्तरचं दशक होतं. नुकतीच बी.एस्सी. होऊन मी शिरपूर जैनजवळच्या एका खेड्यात विज्ञान शिकवायला गेले होते. गावात रेडिओ एकच, चावडीत ठेवलेला. चांगला ट्रंकेएवढा. त्याची एरियलची तार चावडीच्या टिनाच्या छपरावर, दोन बांबूंच्या मधोमध बांधलेली.

त्या उन्हाळ्यात रेडिओवाले भलंमोठं टेप यंत्र घेऊन गावात आले आणि सखूमायच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेऊन गेले. कार्यक्रम एका रविवारी दुपारी लागणार होता. एकदाच. सखूमायची लेक कमल शेलूबाजारला दिलेली. तिच्या सासरी रेडिओ नव्हता, म्हणून ती लेकरू काखेत घेऊन मुद्दाम एस.टी.ने आली होती. शेवटची ओवी तिच्याच नावाची होती. पण सासरहून मुक्कामाची परवानगी नव्हती, संध्याकाळच्या गाडीने तिला परत जायचं होतं.

दुपारी अख्खं गाव चावडीत... आणि रेडिओ बोलेना. डायलचा दिवा लागला, खरखर सुरू झाली, पुढे काही नाही.

सरपंचांनी त्याच्या पाठीत दोन थापा घातल्या. कोणी म्हणालं, अर्थिंगची तार सुकली, पाणी टाका. चावडीच्या कोपऱ्यात, ती तार जमिनीत गाडली होती तिथे, बादलीभर पाणी ओतून चांगला चिखल केला. एका आजोबांनी उदबत्ती लावली. खरखर तेवढीच, फक्त आता तिला वास येऊ लागला.

"काहून बोलून नाई राह्यला हा?" सरपंच रेडिओलाच विचारू लागले. तेवढ्यात सायकली दुरुस्त करणारे त्यांचे मेहुणे पेचकस घेऊन पुढे सरसावले. "सरका, खोलून पाहतो. सायकल काय अन् रेडिओ काय, आतून सारं सारकंच."

कमलचा चेहरा उतरला. हा मनुष्य रेडिओ खोलणार, म्हणजे आजची ओवी गेली. मी रेडिओसमोर उभी राहिले आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हटलं, कोणी हात लावायचा नाही. मेहुणे दोन पावलं मागे गेले.

"मंग बाई, तुमीच पाहा," सरपंच म्हणाले. "कालेजात गेल्या होत्या ना तुमी?"

आता आली पंचाईत. कॉलेजात रेडिओ कुणी खोलू दिला नव्हता. पण विचार करायला पेचकस लागत नाही. दिवा आहे, म्हणजे वीज आहे. खरखर आहे, म्हणजे घसा शाबूत आहे. मग बाहेरून जे यायचं तेच येत नाही... मी चावडीबाहेर आले आणि वर पाहिलं.

एरियलवर नऊवारी हिरवं लुगडं वाळत होतं. ओलं, जड. त्याच्या भाराने तार वाकून थेट टिनाला टेकली होती, म्हणजे तारेवर आलेलं सारं रेडिओत उतरण्याआधीच छपरात जिरत होतं.

"हे कोणाचं?" मी ओरडले.

"माहं व बाई," गर्दीतून सखूमाय म्हणाली, अगदी शांतपणे. "आज सारं गाव माह्या तोंडाकडं पाहून राहीन. फाटक्या लुगड्यानं बसू काय? अन् तिथं ऊन चांगलं लागते."

लुगडं उतरवलं, तार ताणली आणि रेडिओ खणखणीत बोलू लागला. सखूमाय ते लुगडं तसंच ओलं नेसून आली आणि टिपटिप गळत अगदी पुढे बसली.

तिचं नाव पुकारलं, ओव्या सुरू झाल्या. एक, दोन, तीन... आणि एकदम दुसराच माणूस कापसावरच्या किडीबद्दल बोलू लागला. शेवटची ओवी रेडिओवाल्यांनी कापली होती.

कमलने मान खाली घातली. सखूमाय मात्र ताडकन उठली. "हे काय? माही लेक खाल्ली की यानं!" आणि रेडिओकडे पाठ करून, कमलसमोर उभं राहून तिने उघड्या गळ्याने सुरू केलं...

"लेक माही कमल, शेलूबाजारची वाट,
वाटेवर डोळे माहे, दळणात हात."

मागे तो गृहस्थ फवारणी सांगतच होता. कोणाला काही ऐकू येईना. "बाई, याले चूप करा ना!" सरपंच माझ्यावर खेकसले.

इतकी अक्कल खर्चून सुरू केलेलं यंत्र मी स्वतःच्या हाताने बंद केलं. सखूमायने ती ओवी तीनदा म्हटली. तिसऱ्यांदा कमलही म्हणत होती... संध्याकाळची गाडी तिने अगदी धावत पकडली.

नंतर पुष्कळ यंत्रं सुरू केली. पण बंद करताना इतकं बरं वाटलं, ते त्या एका दुपारीच.