थोरल्याच्या डोक्यावरचा डावा हात

लतीफभाईचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या माझ्या खोलीत भात लावत होते. वीर स्टेशनबाहेर तो आणि माझा थोरला भाऊ शमुवेल, म्हणजे आमचा सामूदादा, तीस वर्षं शेजारी शेजारी रिक्षा लावत आले. "ताई, सामू रिक्षात बसल्या जागीच गेला," एवढंच तो म्हणाला. मी गॅस बंद केला. पुढं काय करायचं असतं ते आठवेना... परिचारिका म्हणून आयुष्यभर ही बातमी मी दुसऱ्यांना सांगत आले होते. त्याला आता सात आठवडे झाले.

आमचे बाबा पोलादपूरला शाळामास्तर. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच, पण महाडची तीन-चार कुटुंबं दर रविवारी आमच्या ओटीवर उपासनेला जमत. बाबा शास्त्र वाचत, दादा गाणी धरायचा. तो गायला लागला की रस्त्यानं जाणारी माणसं कुंपणाशी थांबत. शाळेत मात्र त्याचं मन रमलं नाही. बाबांची पुस्तकी मराठी माझ्या वाट्याला आली, गावची त्याच्या. मी पनवेलला नोकरीला लागले, घरी न विचारता लग्न केलं, ते मोडलं, आणि लाजेपायी बारा वर्षं घराकडे फिरकले नाही. प्रार्थनाही सुटली. त्या बारा वर्षांत आई गेली, बाबांची दृष्टी गेली. सगळं दादानं आणि वहिनीनं निभावलं. आईच्या मातीलासुद्धा मी पोचले नव्हते. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा दादानंच निरोप धाडला, "ये बाये, आता तुला कोन काय बोलनार नाय."

मी आले त्याच्या तिसऱ्या दुपारी बाबांनी आम्हा दोघांना खाटेजवळ बोलावलं. आशीर्वाद द्यायचा म्हणाले. दादा त्यांच्या उजव्या हाताला गुडघे टेकून बसला, मी डाव्या. बाबांनी हात उचलले आणि छातीवरून आडवे नेले. उजवा आला माझ्या डोक्यावर, डावा दादाच्या. म्हातारा आंधळा याकोब नातवांना आशीर्वाद देताना असेच हात फिरवतो आणि थोरल्या मनश्शेला सोडून उजवा हात धाकट्यावर ठेवतो, ती गोष्ट आम्ही बाबांच्याच तोंडून कितीदा ऐकली होती. दादाला वाटलं, दिसत नाही म्हणून चुकले. त्यानं हळूच त्यांचं मनगट धरलं. "बाबा, मी इकडं हाय. थोरला मी." बाबांनी हात हलवला नाही. "ठाऊक आहे मला, सामू," ते म्हणाले. दादानं मनगट सोडलं. मला वर बघायचा धीर झाला नाही.

महिन्याभरात बाबा गेले. त्यांनी सांगून लिहवून घेतलेला कागद उघडला, तर घर माझ्या नावावर होतं आणि खाली एक ओळ, रविवारची उपासना हिनं चालवावी. मी म्हटलं, मला नको हे, दादा, तुझ्या नावावर करून देते. तो गोणपाटात भांडी बांधत होता. "बाबांनी तुला दिलेलं मी तुझ्याकडनं घेऊ?" मग गाठ आवळत म्हणाला, "बाबांवर माझा राग नाय. देवाला विचारल्याबिगर त्यांनी कायच केलं नाय कधी. मग राग कोनावर करू, तूच सांग."

तो आणि वहिनी महाडला भाड्याच्या खोलीत गेले. मी दर शनिवारी गाडीनं वीरला उतरायची. दादा स्टँडवर असायचा आणि मला पाहून पाठ फिरवायचा. मी लतीफभाईच्या रिक्षात बसायची. रविवारी शास्त्र वाचायची, आणि गाणी कोणीच धरत नसे. जमलेली माणसं माझ्याकडे बघत नव्हती, दादा बसायचा त्या खांबाकडे बघत होती... असं वर्ष गेलं, वर दोन महिने.

मग एका शनिवारी तोच पुढं आला. माझी पिशवी घेतली, म्हणाला, "बस." महाड मागं पडलं. पुढं एका वडाखाली त्यानं रिक्षा थांबवली आणि मागं न बघताच बोलला, "मनश्शेनं पुढं काय केलं गो? शास्त्रात शोध शोध शोधलं. त्याला कसं वाटलं ते कुठंच लिवलेलं नाय." मग म्हणाला, "तुझ्या डोक्यावर बाबांचा हात कसा होता?" मी म्हटलं, हलका होता, नुसता टेकवलेला. तो वळला. डोळे भरले होते त्याचे. "माझ्यावरचा घट्ट होता. केस मुठीत धरलेले त्यांनी. वर्षभर मी उजवा-डावा करत बसलो, पन तो हात आठवलाच नाय. मी तर घरीच होतो गो. आनायचं होतं ते तुला." एवढं बोलून त्यानं रिक्षा चालू केली.

त्या रविवारी त्यानं गाणं धरलं. पुढं नऊ वर्षं एकही रविवार चुकवला नाही. घरात परत राहायला मात्र आला नाही. मी विनवून थकले. महाडची कुटुंबं एकेक करून पुण्या-मुंबईला गेली. ओटीवर शेवटी आम्ही तिघंच उरलो. आता दादा नाही, वहिनी पुण्याला भावाकडे गेली. बाबांना काय दिसलं होतं, मला अजून कळत नाही. आवाज त्याचा, विश्वास त्याचा, आणि रिकाम्या ओटीची वारसदार मी... देवाची निवड अशी का, हे दादानं विचारलं तरी होतं. मला तेवढंही नीट विचारता येत नाही.

गेल्या रविवारी लतीफभाई मला परतीच्या गाडीला न्यायला वेळेच्या बराच आधी आला. पायरीवर बसला. मी म्हटलं, आत या ना. "नाय ताई, इथंच बरा हाय. गेल्या पावसात सामू दवाखान्यात होता ना, तवाच सांगून ठेवलंय त्यानं, ती एकटी वाचत असंल तर बाहेर बसत जा." मी याकोबाचाच अध्याय काढला होता. मी वाचत असताना त्यानं एकदा मान वर केली. "याकूब नबी ना हे? हायत आमच्यात पन." मी पुढं वाचत गेले. गाणं कोणी धरलं नाही. प्रार्थना संपली तशी सवयीनं मी थांबले. दादाचं मोठ्या आवाजातलं 'आमेन' त्या जागी यायचं. बाहेरून, अगदी हळू, लतीफभाई म्हणाला, "आमीन."

मग त्यानं चप्पल घातली, आणि मी खिडक्या लावायला उठले.