अक्षरांचा चेहरा

शहाद्याच्या आमच्या कचेरीत मराठी टाइपरायटर आला, तेव्हा साहेबापासून शिपायापर्यंत सगळे त्याला हात लावून गेले आणि मग तो माझ्या गळ्यात पडला. दिवसभर नोटिसा बडवून बोटं बधिर व्हायची. त्याच वैतागातून मी त्यावर चित्रं काढू लागलो. माझी युक्ती साधी होती. फिकट जागी पूर्णविराम, जरा गडद जागी र, त्याहून गडद जागी म. मात्रा, उकार, अनुस्वार दाबले की यंत्राचा गाडा पुढे सरकत नाही, म्हणून एकाच म वर ते सगळे चढवले की ती जागा काळीकुट्ट होते. नोकरीने मला दिलेली कला ती एवढीच.

कळसाडीला दिलेली माझी धाकटी बहीण त्याच सुमारास विधवा झाली. मेहुण्यांचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, घोळक्यातला, चेहरा हरभऱ्याएवढा. तो मोठा होणार नाही असं फोटोवाल्याने सांगितलं, तेव्हा ती माझ्याकडे आली. अक्षरांनी त्यांचा चेहरा काढून दे, म्हणाली, नाहीतर मी विसरून जाईन. मी पार थकलेलो होतो, पण तिला नाही म्हणवेना.

घड्याळवाल्याकडून भिंग आणलं. काचेच्या तुकड्यावर शाईने बारीक जाळी आखली, ती फोटोवर ठेवून घराघराचं अक्षर ठरवलं. रविवारी रिकाम्या कचेरीत बहीण अक्षरं वाचायची आणि मी बडवायचो. र आणि म लागोपाठ आले की तिच्या तोंडून हटकून ‘राम’ निघायचं, माझं बोटही सवयीने काना ठोकायचं. काना मात्र गाडा पुढे ढकलतो. ओळ एक घर सरकायची आणि मेहुण्यांचा गाल वाकडा व्हायचा. मी चिडून कागद उपसायचो, ती निमूट पहिल्यापासून वाचू लागायची.

शेवटी एकदाचा चेहरा उमटला. लांबून तर बरा दिसत होता. मग हातकाम सुरू केलं. मिशीला शाईचे चार केस, हनुवटीखाली सावली, फेट्याला केशरी रंग. डोळे तेवढे राहिले. फोटोत त्यांच्यावर फेट्याची सावली होती, म्हणून माझ्या अक्षरांतही तिथे नुसते काळे म. मेहुण्यांना मी दोन-तीनदाच भेटलेलो, मला काही आठवेना. कुंचला बुडवून बहिणीला विचारलं, डोळे कसे होते, घारे की काळे, मोठे की बारीक?

तिने कागद उचलून खिडकीच्या उजेडाला धरला.

“भाऊ, मी त्यासना डोया कधी धड देखातच नहीत,” ती म्हणाली. “घरमा सासू-सासरा. मन्ही मान खाले ऱ्हाये. रातले दिवा नही. त्यासना पाय इचार, ते सांगसू.”

फार वाईट वाटलं. कुंचला धुऊन ठेवला. ते काळे डोळे तसेच गुंडाळून ती संध्याकाळच्या गाडीने गेली.

मी घरी आलो. आई समोर बसलेली, म्हणून बायको पदर ओढून वाढत होती. जरा वर बघ, मी म्हणालो. तिने मान आणखी खाली घातली आणि भाजीत काही चुकलं का, म्हणून विचारलं.