चिमटीमावशी आणि भेगांची माती

माती तपासणीच्या कचेरीत तिला सगळे चिमटीमावशी म्हणत. मातीची चिमूट घ्यायची, तिच्यावर पाण्याचे चार थेंब सोडायचे, आणि अंगठ्याने तर्जनीवर मळत मळत तिची पट्टी पुढे सरकवायची. पट्टी लगेच तुटली तर वाळू जास्त, बोटभर लांब लोंबली तर चिकण. झालं काम! यंत्राला याच कामाला दोन दिवस लागतात, मावशीला चहा निवायला लागतो तेवढा वेळ. एकतीस वर्षं तिने हेच केलं. तिचं आणि यंत्राचं जुळलं नाही, तर साहेब लोक यंत्र दुरुस्तीला पाठवत. थट्टा नाही करत, दोनदा पाठवलंय.

आणि अशा बाईला एका मंगळवारी नव्या अधिकारी बाईंनी बोलावून विचारलं, "मावशी, मागच्या उन्हाळ्यात पिशव्या भरताना तुमचं लक्ष होतं ना?"

आता हे पिशव्यांचं प्रकरण आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. कचेरीचं काम काय, तर मातीच्या प्रत्येक जातीचा एक कागद तयार करायचा. माती कोणत्या रंगाची, ओली झाली की कशी वागते, वाळली की कशी, तिथे पाऊस किती, ऊन किती, जमीन उताराची की सपाट, वरच्या अंगाला काय आणि खाली खडक कोणता. त्यासाठी पुरुषभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या भिंतीतून वरची, मधली, तळाची अशी माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरायची. मागच्या उन्हाळ्यात, आधीचे साहेब निवृत्त व्हायच्या आधी, मावशीने एका काळ्या जमिनीत असा खड्डा घेऊन तीन पिशव्या भरल्या होत्या. प्रयोगशाळेतला ढीग उपसत उपसत त्यांचा निकाल वर्षभराने आला.

"ही वरची पिशवी," बाईंनी कागद पुढे सरकवला. "गवताचं बी, कुजलेला काडीकचरा, सगळं आहे. बरोबर. आणि ही तळाची, चार फुटांवरची. हिच्यातही गवताचं बी आहे. चार फुटांवर गवताचं बी काय करतंय, मावशी?"

मावशीने कागद दोनदा वाचला. 

"मला वाटतं, वरची माती भरल्याचं विसरून तुम्ही तळाच्या पिशवीतही वरचीच भरली," बाई म्हणाल्या. आवाज मऊ होता, आणि त्याचाच मावशीला जास्त राग आला. "माणूस आहे, होतं असं. आपण उद्या परत जाऊ, शेजारी नवा खड्डा घेऊ. तिथे तळाच्या मातीत बी निघालं नाही, तर मात्र पिशव्यांचं काम मी दुसऱ्या कुणाला देईन. तुम्ही टपालाच्या टेबलावर बसा, सावलीत."

टपालाच्या टेबलावर! मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागाच्या खाली भीती होती, आणि ती टेबलाची नव्हती.

गेले काही महिने मावशीचं गणित चुकत होतं. चहात मीठ पडलं, एकदा नव्हे, दोनदा. गॅस चालू ठेवून ती दार ओढून निघाली, शेजारणीने वास आला म्हणून हाक मारली. माणूस म्हटलं की असं व्हायचंच, पण मावशीची आई याच वाटेने गेली होती. आधी मीठ-साखर, मग घरचा रस्ता, आणि शेवटी एका दुपारी स्वतःच्या लेकीच्या तोंडाकडे पाहून, "तुम्ही कोण हो?" ते तीन शब्द मावशीच्या काळजात अजून रुतून बसले होते. त्यामुळे पिशव्या चुकल्या असतील, तर त्या नुसत्या पिशव्या नव्हत्या.

रात्री जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान बंद करून चार वर्षं झाली तरी जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग स्प्रिंगा आणि चाकांनी अडवलेला.

"तू चुकणार नाहीस," घड्याळवाले म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय? तुम्ही स्वतः घराच्या किल्ल्या हरवता!"

हे किल्ल्यांचं रामायण वर्षभर चाललं होतं. मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मावशी कामावरून आली, तर दाराला कुलूप आणि जवळ किल्ल्या नाहीत. घरात जुडगा एकच, शेवटी निघेल त्याने न्यायचा. तासाभराने घड्याळवाले भावाकडून परतले. मावशीने पायरीवरच धारेवर धरलं. "मी आधी निघाले, तुम्ही मागून निघालात. म्हणजे कुलूप कुणी लावलं? किल्ल्या कुणाकडे?" त्यांनी खिसे चाचपले, तिच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "माझ्याच हातून पडल्या वाटतं." शेजाऱ्यांदेखत कुलूप तोडावं लागलं. तेव्हापासून ते कोपऱ्यावर जायला निघाले तरी मावशी मागून ओरडायची, "किल्ली सांभाळा!" आणि ते मुकाट्याने मान हलवायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई, मावशी आणि गाडीवाला असे तिघं निघाले. गाडी चालवायची आणि खड्डाही खणायचा, अशी त्या गाडीवाल्याची दुहेरी नोकरी. दोन बुटक्या टेकड्यांच्या मधे ती जमीन पसरली होती. टेकड्यांच्या अंगावर तांबूस, खड्याळ, वीतभर माती, आणि जसजसं खाली यावं तसतशी ती काळी आणि खोल होत गेलेली. उतार इतका थोडा की सांडलेल्या पाण्याने कुठे जावं ते विचारत बसावं. वर्षाचे तीन-चार महिने इथे पाऊस झोडपतो, बाकीचे महिने कोरडे ठणठणीत. विजेचे खांब सगळे वेगवेगळ्या दिशांना कललेले. एकही सरळ नाही.

"हे खांब कुणी लावलेत, पिऊन?" गाडीवाला म्हणाला.

"लावणारे शुद्धीत होते," मावशी म्हणाली. "ही माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. वर जे काही उभं असेल त्याला ढकलत राहते. ओली असेल तर बूट काढून घेते, वाळली तर कुदळ परतवते." हे सगळं तिला पाठ होतं. पाठ आहे हे पाहून तिला जरा बरं वाटलं, आणि मग आपण हे तपासून पाहिलं याचंच तिला वाईट वाटलं.

जमीन भेगांनी फाटली होती. दोन बोटं रुंद, कुठे मूठ जाईल एवढ्या. मागच्या वर्षी बुजवलेल्या खड्ड्याचा थोडा दबलेला चौकोन मावशीने लगेच ओळखला. त्याच्यापासून दोन पावलांवर तिने नव्या खड्ड्याची खूण केली आणि नोंद करायला वहीतली पेन्सिल काढली. पेन्सिल बोटांतून सुटली, जमिनीवर एकदा उडाली आणि भेगेत गडप झाली.

"अगं ए!" मावशी पेन्सिलीवर ओरडली. गुडघ्यावर बसून तिने कोपरापर्यंत हात घातला. हाताला काही लागलं नाही.

"मी देतो माझी," गाडीवाला म्हणाला.

"तुझी नको. मला माझी पाहिजे." आता पेन्सिलसुद्धा हातात राहत नाही, असं बाईंच्या मनात आलं असणार. मावशीच्या तर आलंच.

दोन तास खणणं चाललं. वरचा हातभर थर भुसभुशीत निघाला, पुढे मात्र कुदळीचा नुसता खणखणाट. गाडीवाल्याला घामाच्या धारा लागल्या. कंबरेएवढ्या खोलीवर त्याने एक ढेकूळ फोडलं, तर त्याची एक बाजू लख्ख चकचकीत.

"पॉलिश कुणी केलं हिला?" तो म्हणाला.

"तिनेच. फुगली की मातीवर माती घासते," बाई म्हणाल्या. "ही खूण बरोबर आहे. आता तळाची पिशवी."

खड्डा पुरुषभर झाला तशी मावशी आत उतरली. चार फुटांवर भिंतीला खुरपी लावली, ती दगडाला लागावी तशी परतली. पुन्हा मारली, पुन्हा परतली. मग तिचा हात आपोआप वीतभर डावीकडे सरकला. तिथे एक उभी, सैल पट्टी होती, आणि खुरपी तिच्यात सुर्रकन गेली. माती भराभर पिशवीत पडू लागली. मावशी थबकली. मागच्या वर्षीही तिने हेच केलं असणार. एकतीस वर्षांत कुणी कठीण जागा कोरत बसतं का? जिथून सुटेल तिथून भरायचं, हीच तर हाताची सवय.

तिने पिशवी ओतली आणि चिमूट घेतली. त्यात गवताच्या काड्या होत्या. बी होतं. वरचीच भुसभुशीत माती, चार फुटांवर. तिने ती सैल पट्टी बोटांनी वरपर्यंत मोकळी करत नेली, तर ती थेट जमिनीवरच्या भेगेला जाऊन मिळाली. आणि त्याच पट्टीत, तिच्या छातीएवढ्या उंचीवर, अडकलेली पेन्सिल.

"बाई!" मावशी एवढ्या जोरात ओरडली की गाडीवाल्याच्या हातातली पाण्याची बाटली पडली. "या, या, बघा! ही माती आपलीच वरची माती गिळते! उन्हाळ्यात भेग पडते, वारा, पाखरं, गुरं, सगळ्यांनी ढकललेलं आत जातं, पावसात फुगून तोंड मिटतं. माझ्या पिशव्या चुकल्या नव्हत्या. तळाचीच माती होती ती, फक्त भेगेतली!"

बाई खाली उतरल्या. त्यांनी पेन्सिल पाहिली, पट्टी पाहिली, बी पाहिलं. मग कान पकडले, खरोखर, दोन्ही हातांनी. "मावशी, माफ करा. वाचलं होतं हे मी. पण माणसावर आधी संशय आला."

"येतोच," मावशी म्हणाली. ती हसत होती आणि तिचे डोळेही वाहत होते. डोकं शाबूत आहे! आई आईच्या ठिकाणी, मी माझ्या ठिकाणी. तिने खुरपी घेतली आणि उगाचच, आनंदाने, ती पट्टी आणखी कोरत सुटली. जुन्या खड्ड्याच्या बाजूला वळत गेलेली ती भेग तिला शेवटपर्यंत पाहायची होती.

खुरपीला काहीतरी खट्ट लागलं.

मावशीने बोटांनी उकरलं. मातीने लडबडलेला तीन किल्ल्यांचा जुडगा. त्याला अडकवलेलं घड्याळाचं पितळी चाक.

असं चाक दुसऱ्या कुणाच्या किल्ल्यांना असायचं कारणच नव्हतं. घड्याळवाल्यांनी स्वतः ते कानशीने घासून बसवलं होतं.

"काय मिळालं, मावशी?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. लोखंड," मावशी म्हणाली आणि जुडगा पदराआड केला.

गाडीत तिने जुडगा पदराखाली मांडीवर धरला. डोक्यात नुसता गोंधळ. किल्ल्या इथे कशा आल्या? घड्याळवाल्यांनी तर इथे कधी पाऊलही टाकलेलं नाही. म्हणजे किल्ल्या तिनेच आणल्या. तिच्याकडे होत्या, म्हणजे कुलूप तिनेच लावलं. कुलूप तिने लावलं, म्हणजे ती मागून निघाली. पण तिला तर ती सकाळ लख्ख आठवत होती: ती पायऱ्या उतरतेय आणि मागे दारात ते उभे आहेत, हातात चहाचा कप. लख्ख! मग ती कोणती सकाळ? तिने दहा वेळा ती सकाळ उलटसुलट करून पाहिली. दर वेळी ते दारातच उभे होते, आणि दर वेळी जुडगा तिच्याच मांडीवर होता.

एकाच भेगेने तिला सोडवलं होतं आणि पकडलंही होतं. कशावर विश्वास ठेवायचा ते तिला कळेना.

घरी आल्यावर तिने जुडगा टेबलावर, स्प्रिंगांच्या मधोमध ठेवला. घड्याळवाल्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं.

"मिळाल्या का?" ते म्हणाले. "बघ माझा वेंधळेपणा! कुठे टाकल्या होत्या मी?"

"माझ्या खड्ड्याशेजारी. जमिनीखाली."

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"त्या दिवशी आधी कोण निघालं होतं?" मावशीने विचारलं. "खरं सांगा. माझी शपथ आहे."

"मी," ते म्हणाले. "पहाटेच्या गाडीने. तू झोपली होतीस."

मावशी खुर्चीत बसली. "आणि वर्षभर मी तुम्हाला बोलत होते. चारचौघांत. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत?"

"काय म्हणायचं होतं? तू इतकी ठाम होतीस की मलाच भीती वाटली." त्यांनी पितळी चाकावर बोट फिरवलं. "शिवाय तू भांडत होतीस तोवर मला धीर होता. तुझी आई शेवटी भांडायचंसुद्धा विसरली होती."

मावशी रडली. चांगली हुंदके देऊन रडली, आणि त्यांनी तिला रडू दिलं. मग ते उठले, चहा टाकला, आणि येताना डब्यातून एक घडी घातलेला कागद घेऊन आले. डॉक्टरांच्या नंबराची चिठ्ठी. तीनदा घेतलेली, तीनदा तारीख उलटून गेलेली. तिला कसं सांगावं हेच त्यांना कळत नव्हतं.

"उद्याचा घ्या," मावशी म्हणाली. "मी येते."

बोलता बोलता तिने चाकाच्या दात्यांत अडकलेली माती नखाने काढली होती. कपातल्या चहाचे चार थेंब तिच्यावर सोडले आणि अंगठ्याने मळायला घेतली. पट्टी पुढे सरकली, लांबली, बोटाखाली लोंबली, तरी तुटली नाही.

"चिकण. शंभरात साठ भाग तरी," ती म्हणाली.

"बरोबर," घड्याळवाले म्हणाले. मातीतलं त्यांना काडीचंही कळत नव्हतं.

"असं लगेच बरोबर म्हणू नका," मावशी म्हणाली. "इथून पुढे माझं चुकलं की चुकलं म्हणायचं. मला राग आला तरी. कबूल?"

त्यांनी मान हलवली. मग तिच्या कपाकडे पाहिलं, थोडं घुटमळले, आणि म्हणाले, "चुकलं. तो माझा कप आहे."