ताजा निळा रंग आणि मांजरेतल्या शेळ्या

होडी घ्यायचा निर्णय माझा नव्हता, हे आधीच सांगते. आमचं खटकचिंचोळीत बी-बियाण्यांचं दुकान. घराण्यात कुणी कधी नाव हाकली नाही. तरीही ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गेल्या वर्षी कुठूनशी जुनी फायबरची होडी आणली, आणि तेव्हापासून आमचे सुट्टीचे दिवस तिच्याच सेवेत जातात. ह्या रविवारी मात्र "दिवसभर मांजरा नदीवर निवांत फिरू" असा शब्द मिळाला, म्हणून मी निघाले.

तुम्हालाही जायचं असेल तर भालकीपर्यंत रस्ता बरा आहे. तिथेच पोटभर खाऊन घ्या. आम्ही गरम भजी आणि भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला. पुढे नदीकडे वळलं की खड्डेच खड्डे, आणि चहाची टपरीही नाही. होडी माझ्या मावसभावाच्या शेताशी, काठावर बांधलेली असते. खालच्या अंगाला बंधारा असल्यामुळे पाणी तुंबून संथ राहतं. दोन्ही बाजूंना तूर आणि ऊस. जागा सुंदर आहे, त्यात वाद नाही.

"आधी जरा होडी बघून घेतो," हे म्हणाले.

त्या 'जरा'त दुपार झाली. तळाचं शेवाळ खरवडलं. एक चीर निघाली, ती बुजवली. इंजिनाचा प्लग काढला, पुसला, उन्हात धरून पाहिला, परत पुसला. मी धपाटे, दही, शेंगांची चटणी मांडून बसले, तर ह्यांनी निळ्या रंगाचा डबा उघडला.

"अहो, निघायचं कवा?"

"रंग वाळू दे की."

"मग आजच कामून लावायलाव?"

"बुडाल्यावर लावू का?"

ऊन कलल्यावर एकदाचे निघालो. आतला रंग अजून चिकटच होता, म्हणून मी पोत्यावर बसले. वारा सुटला, बगळे उठले, आणि मी मनातल्या मनात ह्यांना माफ करायच्या बेतात होते. तेवढ्यात इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

"काय झालं?"

"काही न्हाई." मग टाकीचं झाकण उघडून, "पेट्रोल घालायचं राहिलं. डबा गाडीतच हाय."

सकाळपासून प्लग पुसणारा माणूस! मी तोंड उघडणार, इतक्यात हाक आली. नदीच्या मधल्या गवताळ उंचवट्यावर एक म्हातारी हात हलवत होती, भोवती तिच्या शेळ्या. एरवी तिथं एका बाजूने उथळ पाण्यातून चालत जाता येतं. पण वरच्या अंगाला मोठा पाऊस झाला असावा. पाणी गढूळ झालं होतं, काटक्या आणि फेस वाहत येत होता. तिची परतीची वाट बुडाली होती.

आम्ही दोघांनी वल्ही मारत होडी तिथं लावली. "चला अक्का, बसा," हे म्हणाले.

"आधी शेळ्या न्या. मी हाय हितंच."

"अहो अक्का, पाणी वाढायलंय!"

"व्हय, मला दिसतंय. म्हणूनच म्हणायलेय."

वाद घालायला वेळ नव्हता. जेवढ्या मावल्या तेवढ्या शेळ्या घेतल्या. त्या उड्या मारायला लागल्या, तेव्हा ह्यांना दोन्ही हातांनी त्यांना कवटाळून बसावं लागलं आणि दोन्ही वल्ही माझ्याकडे आली.

"डावीकडं ओढ! अगं, डावीकडं!"

"तुमी गप बसा अन् शेळ्या धरा!"

काठ गाठला, शेळ्या उतरवल्या. मागे वळून पाहिलं तर उंचवटा दिसेना. गुडघाभर पाण्यात म्हातारी उभी होती, एक करडू खांद्यावर, बाकीच्या शेळ्या तिच्या पायांना बिलगलेल्या. आम्ही होडी तशीच परत वळवली. प्रवाह होडी खाली ओढत होता, मी जीव खाऊन वल्ही मारत होते. पोचलो तेव्हा पाणी तिच्या मांड्यांपर्यंत आलं होतं. तिने करडू माझ्या मांडीत टाकलं, एकेक शेळी उचलून ह्यांच्या हाती दिली आणि शेवटी स्वतः चढली.

काठावर उतरल्यावर ती आभार मानेल असं वाटलं. तिने शेळ्या पाहिल्या, वाकून एकीचा पाय उचलला.

"ह्यांच्या खुरांना हे निळं काय लावलाव?"

हे होडीकडे बघत होते. नव्या रंगावर खुरांचे ठसे, लेंड्या, केस. माझं हसू आवरेना, आणि ह्यांना त्याचा राग आला. म्हातारी मात्र करडू खांद्यावर टाकून, "जावा आता, अंधार पडायलाय," म्हणून उसाच्या कडेने निघूनही गेली.

जायचं असेल तर जाच. पण नदीच्या वरच्या अंगाला ढग दिसले तर पाण्यात उतरू नका, आणि पेट्रोल स्वतः बघा. निवांतपणाचं म्हणाल तर तो आम्हाला इंजिन बंद पडल्यापासून म्हातारीच्या हाकेपर्यंतच मिळाला. साडीचा शेळ्यांचा वास दोन धुण्यांनंतरही गेलेला नाही.

घरी आलो तर माझ्या तळहातांवर फोड. भाकरी थापता येईना, म्हणून ह्यांनी खिचडी टाकली. ती खाली लागली. तेवढ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला, "कशी झाली सहल?" मी सकाळपासूनच्या सगळ्या तक्रारी सांगणार, तोच हे मध्ये बोलले.

"तुझ्या आईनं होडी वलवली. मी लई भ्यालो होतो."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं. लेकीला मी एवढंच म्हणाले की सहल बरी झाली. मग ती करपलेली खिचडी पुन्हा वाढून घेतली.